पोरगं म्हणतंय नाताळ उसना आहे, मग घरी यायचं कशाला?

ताई, नमस्कार. माझं माहेर बेळगावात कॅम्पातलं, मेथॉडिस्ट, घरी मराठी. नाताळच्या सकाळी बाबा पेटीवर, काका तबल्यावर, अशी आमच्याकडे भजनं व्हायची. लग्न होऊन खानापूरकडे आले, सासर कॅथलिक, घरात कोंकणी, बाहेर मराठी, ऑफिसात कन्नड. मोठे दीर मडगावला, नणंद पुण्याला, आम्ही सासूबाईंजवळ. मामंजी होते तोवर २४ तारखेला सगळे जमायचे. ते जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून ज्याचा त्याचा नाताळ ज्याच्या त्याच्या घरी, बाळ येशूची गव्हाणी पण कोणी मांडली नाही. मुलगा बेंगळूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गिटार वाजवतो, आज्जी-आजोबांचा लाडका. परवा फोनवर म्हणाला, आई मी यंदा येत नाही, हे सगळं उचललेलं आहे, २५ डिसेंबर रोमन लोकांच्या सूर्याचा सण, झाड जर्मनांचं, सांता कोका-कोलाचा, येशूची जन्मतारीख कुणाला माहीतच नाही, मग आपण साजरं काय करायलोय? स्पीकर ऑन होता, सासूबाईंनी ऐकलं. काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मला त्याला उत्तर देता आलं नाही. हे सगळं खरंच उसनं आहे काय? आणि घर परत एकत्र कसं आणू?
एक आई, खानापूर तालुका

—

बाळ, आधी पोराच्या मुद्द्याचं बोलू, कारण तू त्यालाच जास्त घाबरली आहेस आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तो बरंचसं खरं बोललाय. ते त्याच्याजवळ कबूल कर, आढेवेढे न घेता कबूल कर, कारण वीस वर्षांच्या पोराशी बोलताना तू खऱ्याला खरं म्हटलंस तरच तो पुढचं ऐकतो, हे मी तीस वर्षं शाळेत गाणं शिकवून शिकले.

बायबलात जन्माची तारीख नाही हे खरंच आहे. शुभवर्तमानात गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, तारा आहे, पण दिवस नाही, महिना नाही. रोममध्ये इ.स. ३५४ साली तयार झालेलं एक कॅलेंडर आजही अभ्यासकांना उपलब्ध आहे, त्यात एका यादीत २५ डिसेंबरला ख्रिस्ताचा बेथलेहेमात जन्म अशी नोंद आहे, आणि ती नोंद ३३६ सालापर्यंत मागे जाते असं मानतात. आणि त्याच कॅलेंडरात दुसऱ्या पानावर त्याच तारखेला अजिंक्य सूर्याचा जन्मदिवस आणि रथांच्या तीस शर्यती असंही लिहिलंय. ऑरेलियन बादशहानं रोममध्ये या सूर्यदेवाचं मोठं देऊळ २७४ साली बांधलं. म्हणजे तुझा मुलगा म्हणतो तो सूर्य तिथं आहेच. पण ख्रिस्ती लोकांनी सूर्याची तारीख घेतली की दोन्ही सण एकाच काळात शेजारी शेजारी वाढले यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही, कारण दुसरं एक गणित पण होतं, येशू मरियेच्या पोटी आला तो दिवस २५ मार्च असं जुनी मंडळी धरायची आणि त्यात नऊ महिने मिळवले की येतो २५ डिसेंबर. आर्मेनियन लोक आजपण ६ जानेवारीला जन्म साजरा करतात, रशियन चर्चचा ७ जानेवारीला येतो कारण ते जुनं ज्युलियन कॅलेंडर धरतात. तारखेवरून कुणाचा नाताळ खोटा होत नाही. रोमन हिशेबात २५ डिसेंबर म्हणजे दिवस परत मोठा व्हायला लागायचा दिवस, आणि आपण संक्रांतीला तीळगूळ वाटताना दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतोच की. अंधार सरायला लागला की माणसाला गोड खावंसं वाटतं, चार लोकांना बोलवावंसं वाटतं, ते रोममध्ये पण आणि खानापुरात पण.

झाडाचं म्हणशील तर हो, जर्मनांचंच. तिकडे चारशे-पाचशे वर्षांपासून घरात झाड आणून सजवायचे, आणि १८४८ साली इंग्लंडच्या एका चित्रमय साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणीचं कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभं आहे असं चित्र छापून आलं, तिथून सगळ्या इंग्रजी जगात ती फॅशन झाली. इकडे आपण सुरूची फांदी आणून डालड्याच्या डब्यात रोवायचो. सांताच्या बाबतीत मात्र पोरगं अर्धंच वाचून आलंय. कोका-कोलाच्या जाहिराती १९३१ पासूनच्या, त्यांनी तो गुबगुबीत चेहरा घराघरात नेला एवढंच, पण थॉमस नास्ट नावाचा चित्रकार अमेरिकेत १८६३ पासून त्याची चित्रं काढत होता, आणि त्याच्या मागं आहे तो संत निकोलस, चौथ्या शतकातला बिशप, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा. त्याची गोष्ट अशी सांगतात की एका गरीब बापाच्या तीन पोरींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती तर यानं रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याची थैली टाकली, एकदा नाही, तीनदा. हुंड्याची गोष्ट आहे बघ. जाहिरातवाल्यांनी ही गोष्ट वगळली म्हणून आपणही वगळायची काय?

आता त्याच्या उसनं या शब्दाकडे येते, कारण सगळी गाठ तिथं आहे. त्याला विचार, आपण नाताळ म्हणतो तो शब्द कुठला? पोर्तुगीज. नाताल म्हणजे जन्माचा, मुळात लॅटिन. पाद्री शब्द त्यांचा, सासूबाई चर्चला इगर्जी म्हणत असतील तर तोही त्यांचा, आणि सकाळी चहात बुडवतो तो पाव, रस्सा करतो तो बटाटा, कुलपाची चावी, महिन्याचा पगार, हे सगळे तिथलेच शब्द. मग त्याला तुझ्या बाबांच्या पेटीचं सांग. ही गोष्ट मला फार जवळची आहे म्हणून थोडी लांबवते.

हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबँ नावाच्या कारागिरानं १८४० च्या दशकात घेतलं. पायानं भाता मारायचा, खुर्चीवर बसून वाजवायची. मिशनरी आणि साहेब लोकांबरोबर ती इकडे आली. आपली गायकी जमिनीवर बसून, तर कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमाराला तिचे पाय काढले, भाता मागं आणला, डाव्या हातानं हवा आणि उजव्या हातानं सूर अशी बैठी पेटी केली. आणि मग ती संगीत नाटकात गेली, कीर्तनात गेली, विठोबाच्या देवळात गेली, तुमच्या चर्चमध्ये परत आली ती पण भजनाची होऊनच आली. एवढं होऊनसुद्धा १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदी घातली, ही परकी आहे, हिच्यात मींड म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं निघत नाही, हिचे सूर आपले नाहीत म्हणून, आणि ती बंदी १९७१ पर्यंत काही सुटली नाही. या तीस वर्षांत बेळगावातल्या, निपाणीतल्या, खानापुरातल्या एका तरी भजनी मंडळानं पेटी बाजूला ठेवली असेल काय? पॅरिसची पेटी तुझ्या बाबांच्या बोटांखाली येऊन इतकी वर्षं झाली की ती आता तुझ्या माहेरची आहे, हे त्याला पटेल, कारण त्याची गिटार पण स्पेनकडून आलेली आहे आणि तो ती परकी समजून वाजवत नाही.

भजनांचं पण तसंच. लंडन मिशनचे लोक १८२० साली बेळगावात आले, तेव्हापासून कितीतरी वर्षं आपल्याकडच्या देवळांत म्हणजे तुमच्या चर्चमध्ये इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबून गायचे, अक्षर एकीकडे आणि ताल एकीकडे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन घेऊन येशूचं गाणं मराठी केलं, तुझे बाबा म्हणायचे त्यात टिळकांची भजनं असणारच. आणि सासरची बाजू पण रिकामी नाही. फादर थॉमस स्टीफन्स, जन्मानं इंग्रज, गोव्याला १५७९ मध्ये आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत! नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनी पुराणं ऐकायची सवय, आम्हाला आमचं असं काही गायला द्या म्हणाले, म्हणून लिहिलं. त्यात मराठी भाषेची जी स्तुती केली आहे ती आपल्या शाळांत पोरं पाठ करतात, आणि लिहिणारा माणूस विल्टशायरचा. आता सांग, कोण कुणाचं उसनं घेतलं याचा हिशेब कुठून सुरू करायचा?

आता गव्हाणी. तुझ्या पत्रात ही एक ओळ तू जाता जाता लिहिलीस, मामंजी गेल्यापासून कोणी मांडली नाही, आणि पुढं गेलीस. मी मात्र तिथंच थांबले.

गव्हाणी मांडायची चाल असिसीच्या संत फ्रान्सिसनं सुरू केली असं धरतात, इटलीत ग्रेच्चो नावाच्या डोंगरातल्या गावी, १२२३ च्या नाताळात. त्यानं काय केलं, खरं गवत आणलं, खरा बैल, खरं गाढव, आणि त्यांच्यामध्ये मिस्सा म्हणजे कॅथलिकांची उपासना झाली. मूर्ती नाहीत, रंगीत लाईट नाहीत. शेतकऱ्यांना कळायला हवं की देव कुठं आला, राजवाड्यात नाही आला, जनावरं खातात त्या जागी आला. मराठी बायबलात शब्द आहेत गव्हाणी आणि उतारशाळा, उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं. बेंगळूरच्या फ्लॅटमधल्या पोराला मेंजर म्हटलं तर ती कार्डावरची वस्तू वाटते, पण खानापूर तालुक्यातल्या घरात गव्हाण म्हटलं की गोठा समोर येतो, शेणाचा वास, म्हशीचं फुसफुसणं, दगडी कठड्याला लागलेला चाटून चाटून आलेला गुळगुळीतपणा. डिसेंबरात तुमच्याकडे भाताची मळणी झालेली असते, पिंजर ताजं असतं. ग्रेच्चोत जे होतं ते तुमच्या परड्यात आहे गं, विकत काहीच आणायला नको.

आणि ही गव्हाणी मामंजी कुणाला बरोबर घेऊन मांडायचे? तू लिहिलं नाहीस, पण आज्जी-आजोबांचा लाडका म्हणालीस त्यावरून मला वाटतं की हाच नातू माती कालवायला बसत असेल, नाचणी पेरून हिरवळ उगवायला, आरशाचा तुकडा ठेवून तळं करायला. आमची पोरं दिवाळीत किल्ला करतात, बेळगावात गल्लीगल्लीत, तीच माती आणि तीच हिरवळ, फक्त शिवाजी महाराजांच्या जागी बाळ येशू. मी चुकत असेन तर सोडून दे, पण अंदाज बरोबर असेल तर तो ज्याला सण खोटा म्हणायलाय तो सण तीन वर्षांपूर्वीच त्याच्यासाठी बंद पडलाय, आणि बंद दारासमोर उभं राहण्यापेक्षा दार मुळात चोरीचं होतं म्हणणं सोपं असतं. त्या वयात रडता येत नाही, वाद घालता येतो. म्हणून त्याच्याशी वाद जिंकायच्या नादाला लागू नको, मी वर एवढं सगळं सांगितलं ते तुला डोकं वर करून बोलता यावं म्हणून, त्याला फोनवर वाचून दाखवायला नाही.

फोन कर आणि एवढंच म्हण, की बाळा तू म्हणालास त्यातलं बरंच खरं आहे, मी वाचलं, आपण बसून बोलू, पण यंदा गव्हाणी मांडायची आहे आणि आजोबांचं सामान कुठल्या पेटीत आहे ते फक्त तुला माहीत. बस. ये म्हणू नको. आज्जी जेवत नाही असं तर अजिबात सांगू नको, त्या ओझ्यानं आला तर २६ ला पहिल्या गाडीनं परत जाईल. काम दे. बेंगळूरहून लोंढ्यावरून येणाऱ्या रात्रीच्या गाडीचं तिकीट मात्र आत्ताच काढून ठेव, डिसेंबरात मिळत नाही.

काम दे म्हणते ते सगळ्यांसाठीच म्हणते, कारण घर एकत्र येतं ते कामानं येतं, नुसत्या आमंत्रणानं नाही. आठवून बघ, पूर्वी लोक २२-२३ तारखेलाच का यायचे? नाताळची गोड, तळून करायची कलकलं करायला यायचे. एवढंएवढंसं पीठ काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्या कोऱ्या फणीवर दाबून वळायचं, पाच किलोचं करायचं तर दहा हात लागतात, आणि हात चालू असले की तोंडं आपोआप चालतात, ज्या जावेशी वर्षभर बोलणं नाही ती पण विचारते, अगं मीठ घातलंस काय. दोदोल ढवळायला तर पुरुष माणसं लागतात, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, काळा गूळ, तासनतास ढवळायचं, हात दुखला की दुसऱ्यानं कालथा घ्यायचा. नेवऱ्या म्हण की करंज्या म्हण, लाटणारी एक, भरणारी एक, कातणारी एक, तळणारी एक. आता सगळं बेकरीतून बॉक्समध्ये येतं, चांगलं असतं, मी नावं ठेवत नाही, पण मग माणसानं दोन दिवस आधी येऊन करायचं काय? तो २५ ला जेवायला येतो आणि चारला निघतो. आणि पुढच्या वर्षी जेवायला पण येत नाही. तर तू सुगरणपणा दाखवायला सगळं करून ठेवू नको. पीठ मळून ठेव आणि थांब. नणंदेला सांग, तुझ्या हातच्या नेवऱ्यांचं सारण मला जमत नाही, ते तूच कर.

हे मी माझ्या घरावरून सांगतेय. आई गेल्यावर आमच्याकडे चार वर्षं दिवाळीला कोणी जमलं नाही. भांडण नव्हतं काही. प्रत्येकाला वाटायचं दुसरा बोलवेल, आणि प्रत्येकजण आपापल्या घरी थांबून वाईट वाटून घ्यायचा. पाचव्या वर्षी भावाला मी विचारलं, आई चकलीच्या भाजणीत काय घालायची रे, आणि तो दुसऱ्या दिवशी स्वतः आला, म्हणाला फोनवर सांगता येत नाही. चकल्या त्या वर्षी तेलात विरघळल्या पण सगळे भाऊ-बहीण आले.

दिरांचं वेगळं. मडगावला म्हणजे गोव्यात, डिसेंबरचा शेवटचा आठवडा धंद्याचा, आणि त्यांच्या बायकोला पण तिच्या आईकडे जायचं असणार, चोर्ला घाटातून येणंजाणं सोपं नाही. तू २५ लाच या असा हट्ट धरलास तर नाही म्हणतील आणि नाही म्हटल्याचं त्यांनाच खुपेल. पण तुमच्याच परंपरेत याची सोय आहे. नाताळ एका दिवसात संपत नाही, तो बारा दिवसांचा, २५ पासून तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत, गोव्यात तर त्या सणाला तीन पोरांना राजे करून मिरवणूक काढतात. तर ४-५ जानेवारीचा एखादा रविवार बघा, जो सगळ्यांना जमेल तो. (बायबलात राजे तीन असं कुठंही लिहिलेलं नाही, भेटी तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून राजे तीन धरले. हे पोराला सांग, त्याला आवडेल.) थर्टीफर्स्टला कॅम्पात ओल्ड मॅन म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा जाळतात ते बघायला दिरांची पोरं येतील, तोपण एक धागा आहे, बेळगावचा ओल्ड मॅन बघायला बाहेरगावची पोरं हौसेनं येतात. आणि हे बोलणं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर करू नको, तिथं सगळे अंगठा दाखवतात आणि कोणी हलत नाही. एकेकाला फोन कर, दिरांना सासूबाईंकडून करव.

शेजारच्यांचं ताट विसरू नको. आम्ही लहान असताना कॅम्पात आमच्या भिंतीला भिंत लागून एक ख्रिस्ती घर होतं, दिवाळीला आमचं फराळाचं ताट तिकडे, नाताळला तिकडचं आमच्याकडे, वर क्रोशाचा रुमाल. ताट रिकामं परत द्यायचं नाही हा आईचा नियम, घरात काही नसलं तर मूठभर साखर, पण बहुतेक वेळा कुंदा. गोव्यात याला कोन्सुआद म्हणतात हे मला फार नंतर कळलं, आणि ती चाल पण पोर्तुगीज शब्दाची आणि नियम मात्र आमच्या आईचा. ते ताट यंदा पोराच्या हातून पाठव, गल्लीतली लोकं त्याला विचारतील कधी आलास, किती उंच झालास, आणि या प्रश्नांना गूगलवर उत्तर शोधावं लागत नाही.

आणि आता गाणं, जे मला मनापासून सांगायचंय.

ब्लूटूथ स्पीकर बंद ठेव. ही कळकळीची विनंती आहे. एका वर्षी शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमाला मी ट्रॅक लावला, तयार रेकॉर्डेड म्युझिक, मोठा आवाज, सगळं एकदम परफेक्ट. पोरं छान गायली आणि समोर बसलेले आजी-आजोबा नुसते बघत बसले, एकाचा पण ओठ हलला नाही. कार्यक्रम झाल्यावर एक आजोबा म्हणाले, बाई, गाणं चांगलं होतं पण आम्हाला आत शिरायला जागा नव्हती. ते मला लागलं, आजपण लागतं. पुढच्या वर्षी मी पेटी घेऊन बसले, सूर जरा खाली धरला, पहिली ओळ सावकाश वाजवली आणि थांबले, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, थरथरता, मराठीत. मग सगळेच गायले, बेसूर पण सगळे.

तुमच्या घरात चार भाषा आहेत, आणि तुला वाटत असेल हा घोळ आहे, माझं मराठी भजन म्हणावं तर सासूबाईंना परकं, त्यांचं कोंकणी म्हणावं तर पोराला येत नाही, त्याचं इंग्रजी आम्हाला दूरचं. म्हणून सगळ्यांना येणारं एकच गाणं धरा, सायलेंट नाईट. ते पण उसनंच आहे, जर्मन आहे, पण त्याची जन्मकथा पोराला ऐकव कारण ती गिटारवाल्याची आहे. ऑस्ट्रियात साल्झबर्गजवळ ओबेर्नडॉर्फ नावाचं नदीकाठचं गाव, जोसेफ मोर नावाचा तरुण पाद्री, त्यानं १८१६ साली एक कविता लिहून ठेवलेली. ते साल कसलं, तर नेपोलियनची युद्धं नुकती संपलेली, आणि इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी १८१५ मध्ये फुटला त्याच्या राखेनं युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, लोक उपाशी. १८१८ च्या २४ डिसेंबरला तो शेजारच्या गावचा शाळामास्तर फ्रान्झ ग्रुबर याच्याकडे गेला, म्हणाला याला दोन आवाज आणि गिटार अशी चाल दे, आणि त्याच रात्री दोघांनी मिळून चर्चमध्ये ते गायलं, मोरच्या हातात गिटार. ऑर्गन नाही, मोठा क्वायर नाही, दोन माणसं आणि एक गिटार. आज ते तीनशेवर भाषांत आणि बोलींत गातात, १९१४ च्या नाताळात पहिल्या महायुद्धात समोरासमोरच्या खंदकांतून जर्मन आणि इंग्रज सैनिकांनी आपापल्या भाषेत तेच गायलं. मराठीत आहे, कोंकणीत आहे, कन्नडात पण आहे.

आणि तबलजीला सांगायला सोपं, सहा मात्रांत चालतं, सरळ दादरा लावायचा, असा बसतो की जणू आपल्याकडेच बांधलं असावं. पहिलं कडवं सासूबाईंनी कोंकणीत, दुसरं तू मराठीत, तिसरं पोरांनी इंग्रजीत, शेजारचे कन्नड काका आले तर त्यांना पण एक द्या. एकाच वेळी चार भाषांत गायलात तरी चालेल, मी ऐकलंय तसं, कानाला गोंधळ वाटत नाही, चाल सगळ्यांना धरून ठेवते. त्यानंतर मग टिळकांचं एक भजन तुझ्या बाबांची आठवण म्हणून तू म्हण, सासूबाईंना म्हणावं तुमच्या आईचं एखादं गाणं म्हणा, आणि पोराला सांग फोनवर रेकॉर्ड कर, शब्द आज्जीला विचारून लिहून काढ. ती गाणी कुठल्या पुस्तकात नसतील. त्याला मूळ शोधायची आवड आहे ना, मग हे मूळ त्याच्या घरातच बसलेलं आहे, आणि ते विचारून घ्यायला वेळ कमी आहे.

सासूबाईंशी तू काय बोलायचं ते विचारलं नाहीस पण सांगते. नातू असं का बोलला याचं स्पष्टीकरण देत बसू नको. त्यांच्याजवळ बस आणि विचार, मामंजी गव्हाणीत डोंगर कुठल्या बाजूला करायचे, तारा किती उंच टांगायचे. त्या सांगतील, कदाचित रडतील, रडू दे. तीन वर्षं त्या घरात तुम्ही सगळ्यांनी सांभाळून सांभाळून मामंजींचं नाव नाताळच्या दिवसांत घेतलं नसणार. आणि पोरगं आलं आणि तरी म्हणालं की मी इगर्जीत येणार नाही, गव्हाणी मांडतो, गातो, पण मिस्साला नाही, तर त्याला घरी राहू दे, कुणीतरी रात्री परत येणाऱ्यांसाठी कॉफी करून ठेवायला लागतंच. त्याचा विश्वास त्याचा तो शोधेल. त्याच्यावरून मध्यरात्री दारात वाद झाला असं मात्र होऊ देऊ नको, दिरांना आधीच सांगून ठेव.

माहेरची पेटी कापडात बांधून ठेवली असेल तर ती आत्ताच उघड. भात्याला कसर लागलेली असते, पट्ट्या ओल्या हवेनं अडकतात, दुरुस्तीला टाकायची तर महिना आधी टाकावी लागते. आणि गायच्या आधी सासूबाईंना एकदा सहज पहिली ओळ गुणगुणायला लाव, प ध प ग, एवढंच, त्यांचा सूर कुठं लागतो ते बघ आणि तोच धर, तू म्हणतेस त्या पट्टीत नको, कारण शेवटच्या ओळीला ते गाणं तारसप्तकातल्या मध्यमापर्यंत चढतं आणि म्हातारा आवाज तिथं तुटला की त्या गप्प होतील. माझ्या अंदाजानं पांढरी चारच्या, म्हणजे गिटारवाल्यांच्या एफच्या आसपास येईल. तसं आलं तर पोराला आधी कळव, गिटारला तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून डीचे कॉर्ड धरायचे.